प्लगला करंट नाही, म्हणून इंजिन भंगारात?



डिसेंबर-जानेवारीत गिरणेच्या काठाने लोहोणेर-विठेवाडीकडे फेरी मारली तर एक देखावा हमखास दिसतो. उन्हाळ कांद्याची लागवड चालू आहे. रोपाच्या पेंढ्या बांधून ठेवल्या आहेत, बायका रोजाने आल्या आहेत, लावलेल्या वाफ्यांना आंबवणी पाहिजे. विजेची पाळी रात्रीची. म्हणून बापाच्या काळातले पेट्रोल-रॉकेलचे इंजिन पोत्याखालून काढून काठावर आणले जाते. बाप दोरी ओढतो. दमला की पोरगा ओढतो. पोरगा दमला की शेजारी येऊन ओढतो. इंजिन फुस्स करते आणि गप्प बसते. तासाभराने कोणीतरी जाणता बांधावर बसल्या बसल्या निकाल देतो, "प्लगला करंट नाही. मॅग्नेट उतरला. द्या भंगारात आणि नवे घ्या."

या निकालावर आमचे अपील आहे.

गोठ्यात, पडवीत, विहिरीच्या कडेला गंजत पडलेली अशी जी इंजिने आहेत, त्यांतली कितीतरी मेलेली नाहीत. त्यांच्या चाकाखाली कोणी डोकावलेच नाही. डाळिंबाची गुटी बांधणारा, वासावरून चाळीतला कांदा कुठे सडतोय ते ओळखणारा शेतकरी तीन नटांना घाबरतो. यंत्र आपले, पैसा आपला, पण त्याची अक्कल दुसऱ्याच्या ताब्यात. मग तो दुसरा म्हणेल तो भाव आणि तो म्हणेल तो निकाल.

गोष्ट आमच्याच गोठ्यातली आहे. वडिलांनी घेतलेले इंजिन एका हिवाळ्यात उलटे मारू लागले. दोरी ओढली की हिसका बसून मुठीतून निसटायची. एकदा मनगट असे दुखावले की आठ दिवस दूध काढता येईना. दुकानात नेले. दुकानदाराने झाकणसुद्धा न काढता सांगितले, मॅग्नेट गेला, याचा माल आता येत नाही, नवे घेऊन जा. नव्याला पैसे नव्हते. इंजिन गोठ्यात पडले ते दोन वर्षे. ती दोन वर्षे शेजाऱ्याच्या मोटरीचे भाडे भरले, त्याचे भरून झाल्यावर आमची पाळी धरली, आणि एका लागवडीला पाणी वेळेवर न मिळाल्याने कांदा लिंबाएवढाच राहिला. दिवाळीला आय.टी.आय.त शिकणारा भाचा घरी आला. त्याने चाक उतरवले आणि तळहातावर एक लोखंडी चकती ठेवली. अर्ध्या चंद्राच्या आकाराची, नखाएवढी, मधोमध कापलेली. ही चाकाची चावी. नवी चावी दोन कप चहापेक्षा स्वस्त पडली. इंजिन तिसऱ्या दोरीला सुरू झाले.

दोन वर्षे जे भाडे भरले ते आमच्या अडाणीपणाचे भाडे होते. ते तुम्ही भरू नये म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी आत काय आहे ते समजून घेऊ. डिझेल इंजिनाला प्लग नसतो, तिथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते. पेट्रोलच्या आणि पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाला ठिणगी लागते. या लहान इंजिनाला बॅटरी नसते. मग वीज येते कुठून? दोरीच्या कप्पीमागे जे जड चाक फिरते, त्या फ्लायव्हीलच्या कडेत चुंबक बसवलेले असतात. चुंबक कॉइलजवळून गेला की कॉइलमध्ये वीज तयार होते. ऐन वेळी सी.बी. पॉइंट उघडतो, वाहता प्रवाह तुटतो, आणि कॉइलच्या दुसऱ्या बारीक गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका उठून प्लगच्या फटीत ठिणगी पडते. पॉइंट उघडताना तो जळू नये आणि झटका जोरकस बसावा म्हणून कंडेन्सर असतो. चुंबक, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग, एवढा पाच जणांचा संसार आहे.

ही विद्या काही कालची नाही. जर्मनीच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १८८७ साली एका जागेवर चालणाऱ्या इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला. १९०२ साली त्यांच्याच कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड यांनी स्पार्क प्लगसह जास्त दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्याच घराण्याची मायको, म्हणजे आजची बॉश, आपल्या नाशिकला सातपूरला आहे. तिथे आपल्याच जिल्ह्यातली पोरे डिझेल इंजिनाचे केसाइतके बारीक मापाचे भाग घडवतात. आणि त्याच जिल्ह्यात आपण फ्लायव्हील काढायला हातोडा घेतो! कोकणातले मच्छीमार होडीच्या मागे जी मोटर टांगतात, तिच्याही डोक्यावर हेच चाक आणि त्याखाली चुंबक व कॉइल असते. तिथे खारे पाणी चाकाला आणि तारांना खाते, इथे धूळ आणि चिखल खातो. दुखणे एकच.

आता दोष शोधायचा क्रम. क्रम सोडला की माणूस कार्बोरेटर खोलतो, दोष असतो प्लगच्या टोपीत.

सर्वांत आधी दोष ठिणगीचा आहे की तेलाचा ते ठरवा. दहा-बारा वेळा दोरी ओढून प्लग काढा. कोरडा असेल तर तेलच पोचत नाही. ओला असेल तर वास घ्या. रॉकेलचा वास आला तर इंजिनाचा काही दोष नाही, आपला आहे. मागच्या वेळी रॉकेलवरच बंद केले, कार्बोरेटरच्या वाटीत रॉकेल राहिले, आणि थंड इंजिन रॉकेलवर पेट घेत नाही. वाटी रिकामी करा, पेट्रोल सोडा. आणि पुढे नेम धरा, बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटे पेट्रोलवर चालवायचे.

प्लग पेट्रोलने ओला आहे आणि तरी इंजिन घेत नाही, तर ठिणगी पाहा. प्लग पुसून टोपीत घाला, त्याचे लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, रबराच्या मुठीच्या पकडीने धरा आणि दुसऱ्याला दोरी ओढू द्या. जवळ सांडलेले पेट्रोल, उघडा डबा, पेटती विडी नको, आणि प्लगच्या मोकळ्या भोकापासून ठिणगी दूर धरा. ठिणगी निळी आणि टचकन वाजणारी असेल तर उत्तम. पिवळी, बारीक, कधी पडते कधी नाही, तर दुबळी. मुळीच नाही, तर पुढे चला.

नव्या किंवा खात्रीच्या प्लगने एकदा पाहा. गॅप बहुतेक लहान इंजिनांना ०.६ ते ०.७ मिलिमीटर चालते, पण तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच खरा. टोपी आणि जाड वायर चिरलेली आहे का, उंदराने खाल्ली आहे का ते बघा.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. ती म्हणजे बंद करायच्या बटणाची वायर. हे बटण कॉइलची वीज इंजिनाच्या अंगात उतरवून ठिणगी मारते. वायरचे वेष्टण घासून ती अंगाला टेकली, तर इंजिन कायमचे 'बंद'वर राहते. ही वायर कॉइलकडून सोडवा आणि पुन्हा ठिणगी पाहा. ठिणगी आली तर चाकाला हात लावायचे कामच नाही. पण मग इंजिन बंद करायची सोय उरत नाही. म्हणून तसेच वापरू नका, वायर बदला.

इतके करूनही ठिणगी नाही, तेव्हाच चाकाखाली जायचे. काही इंजिनांच्या चाकाला खिडकी असते, तिच्यातून पॉइंट दिसतो. त्यावर तेल किंवा काळी साय आली असेल तर कोरा जाड कागद दोन टोकांमधून ओढा. खड्डे पडले असतील तर बारीक कानस फिरवा, नाहीतर बदला. पॉइंट पूर्ण उघडला असताना फट साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर लागते, फिलर गेजने मोजा. पॉइंट पुन्हा पुन्हा तेलकट होत असेल तर मागचे ऑइल सील गेले आहे. पॉइंट वरचेवर जळत असेल, ठिणगी पिवळी पडत असेल, तर कंडेन्सरवर संशय घ्या. आणि इंजिन थंड असताना झकास सुरू होते, अर्ध्या तासाने आपोआप बंद पडते, निवले की परत चालते, तर बहुधा कॉइल आतून तडकली आहे. मात्र बंद पडल्याबरोबर लगेच ठिणगी पाहून खात्री करा. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले तरी इंजिन असेच वागते.

आता मुख्य विषय, चाक. ज्या 'उतरलेल्या मॅग्नेट'च्या नावावर सर्वांत जास्त इंजिने भंगारात गेली, तो चुंबक सहसा उतरत नाही. चांगला चुंबक पिढीभर टिकतो. तो बिघडतो हातोड्याच्या घावाने आणि फार तापल्याने. चाक उतरवल्यावर स्क्रू ड्रायव्हर जवळ न्या. दांड्यासकट जोरात खेचून धरला तर चुंबक शाबूत आहे. चुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर गंज असेल तर पॉलिश पेपरने घासून काढा. कॉइल आणि चुंबक यांच्यामधली फट वाढली की ठिणगी दुबळी होते. ती पुस्तकात दिल्याप्रमाणे ठेवा. चाक पायाला घासता कामा नये आणि फार लांबही जाता कामा नये.

उलटे मारणे, हिसका बसणे, ठिणगी चांगली असून सुरू न होणे, या तिन्हींत चावी बघा. क्रँकच्या निमुळत्या टोकावर चाक नेमक्या जागी बसावे एवढेच त्या चावीचे काम. चाकाला धरून ठेवायचे काम तिचे नाहीच. ते काम निमुळत्या टोकाच्या पकडीचे आणि घट्ट नटाचे. नट ढिला राहिला की चाक सरकते, चावी कापली जाते, आणि ठिणगी एकतर अवेळी पडते नाहीतर दुबळी पडते. चावी अर्धवट कापली गेली तरी पुरे. म्हणून बसवताना दोन्ही निमुळते भाग पेट्रोलच्या फडक्याने पुसून कोरडे करा, ग्रीस किंवा तेल लावू नका, आणि चावीच्या जागी खिळ्याचा तुकडा ठोकायची हुशारी करू नका. पुढच्या हिसक्याला खिळा तुटणार नाही, क्रँकची खाच फाटेल. चावीपायी वाचवलेले पाच-दहा रुपये क्रँकच्या किमतीत वसूल होतील.

चाक काढायला पुलर लावा. कडेवर हातोडा मारला तर चुंबक तडकतो, क्रँक वाकतो, आटे बसतात. नट सोडवताना चाक पट्ट्याने धरा, पंख्याच्या पात्यात पहार अडकवू नका. काही इंजिनांना उलटे आटे असतात, आधी बघून घ्या. पात्यांना जपायचे कारण, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा पंखा म्हणजे हेच चाक. पाती तुटली की तोल जातो, इंजिन थरथरते. कुंभारमाशीने आत मातीचे घर केले, जाळीत पाचोळा बसला, की इंजिन तापते आणि पुढे कॉइल जाते. वरचे झाकण काढून इंजिन कधी चालवू नका. हवा सिलिंडरकडे वळवायचे काम ते झाकणच करते, आणि फिरत्या चाकात पदर, ओढणी, धोतर सापडायला क्षण लागत नाही. चाकालाच तडा दिसला तर मात्र वेल्डिंग नको, दया नको. ते चाक फुटले तर माणूस जातो.

पॉइंट बदलला की टायमिंग पाहावे लागते. चाकावर बहुधा इंग्रजी एफ आणि टी अशा खुणा असतात. टी म्हणजे पिस्टन वर आला, एफ म्हणजे ठिणगीची वेळ. पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाचा तुकडा धरून चाक हाताने सावकाश फिरवा. कागद ज्या क्षणी सैल सुटतो, त्या क्षणी एफ खूण समोरच्या खुणेला मिळाली पाहिजे. एवढ्याला ना वर्कशॉप लागते ना साहेब.

कोणी म्हणेल, आता २०१९ ची कुसुम योजना आहे, २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आहे, जुन्या धुराड्यांचे लाड कशाला? सौर पंप ज्यांना मिळाला त्यांनी जरूर वापरावा. आम्ही काही जुन्याचे पुजारी नाही. क्रँक वाकला, सिलिंडर झिजला, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला, तर आम्हीही भंगारच म्हणू. रेशनचे रॉकेलही आता पूर्वीसारखे राहिले नाही आणि पेट्रोल महाग आहे, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. पण सौर पंप एका जागी रोवलेला असतो. फवारणीचे इंजिन, कोळपणीचे इंजिन, नदीवरून शेततळ्यात पाणी चढवायचे हातात उचलून न्यायचे इंजिन, ही गरज संपलेली नाही. आणि त्या नव्या फवारणी यंत्रातही फ्लायव्हील आहे, चुंबक आहे, चावी आहे. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक डबी आली एवढाच फरक. ती डबी उघडत नाही, घासता येत नाही, फक्त बदलता येते. म्हणजे उद्याचा प्रश्न आजच्यापेक्षा अवघड आहे. डबी कोणाकडे मिळणार, किती दिवस मिळणार, कोणत्या भावाने मिळणार?

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर शेतात बंद पडतात आणि कंपनीच्या संगणकाशिवाय दोष कळत नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी आवाज उठवला. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर याच कारणाने दावा लावला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे धरली, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे पोर्टल सुरू केले. यादीत शेती अवजाराचे नाव आहे ही चांगली गोष्ट. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि चावी संगणकाच्या पडद्यावर मिळत नाही, ती देवळ्याच्या बाजारपेठेत मिळाली पाहिजे.

सरकार नव्या अवजाराच्या खरेदीला अनुदान देते. त्यात अर्ज आहे, दुकानदाराचे बिल आहे. जुने चालू ठेवायला आम्ही अनुदान मागत नाही. आमचे मागणे फुकटाचे नाही. यंत्र विकणाऱ्याने त्याबरोबर भागांची यादी, नंबर आणि किंमत मराठीत छापून द्यावी. दोष कसा शोधायचा ते पुस्तक मराठीत द्यावे. मॉडेल बंद केले तरी पुढची दहा वर्षे चावी, कॉइल, पॉइंट, सील पैसे घेऊन का होईना पण द्यावे. आणि बाहेरच्या मिस्त्रीने चाक उघडले म्हणून गॅरंटी नाकारू नये. विकत घेतलेल्या वस्तूवर मालकी पूर्ण असावी, एवढीच मागणी आहे.

पण मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. गावागणिक चार वस्तू वर्गणीतून घ्या. एक पुलर, एक फिलर गेज, एक पट्ट्याचा पाना, एक साधा मीटर. त्या ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपात ठेवू नका, ज्याच्या घराचे दार रात्रीही उघडते त्याच्याकडे ठेवा. आय.टी.आय. शिकलेली पोरे गावोगाव बसून आहेत, त्यांना मान द्या आणि कामाचे पैसेही द्या. बायकांनाही या घोळक्यात बसवा. पुरुष बाजाराला गेल्यावर वाफ्याला पाणी त्याच देतात आणि दोरी त्याच ओढतात.

येत्या जिल्हा बैठकीला देवळ्याहून आम्ही आमचे तेच जुने इंजिन घेऊन येणार आहोत. जेवणाच्या सुट्टीत सर्वांसमोर चाक उतरवू आणि बसवू. तुमच्या गोठ्यात 'मॅग्नेट उतरलेले' इंजिन असेल तर भंगारवाल्याला थोपवून धरा आणि ते गाडीत टाकून आणा. सोबत एक स्वच्छ फडके आणा, आणि ज्या पोराला किंवा पोरीला यातले कळावेसे वाटते, त्यांना आणा.